दहिवडी गाडीतला रियाज

“पोटात दुखतंय का तुझ्या?” वत्सलाबाईंनी विचारलं.

मी डोळे उघडले. पदाची पहिली ओळ संपत आली होती, पण तिचा शेवटचा शब्द अजून घशातच होता आणि तो बाहेर काढायला छातीत हवा उरली नव्हती. बाई समोर पाटावर बसून मेथी निवडत होत्या.

“नाही, बाई.”

“मग तोंड असं का केलं होतंस?”

“गात होतो.”

“असं होय,” त्या म्हणाल्या आणि मेथीची काडी मोडली. “मला वाटलं, डॉक्टरला बोलवावं लागतंय.”

ही एकोणीसशे एकोणऐंशी सालातली गोष्ट. मी, हणमंत ननावरे, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि फलटण आगारात एसटीचा कंडक्टर होतो. फलटण-दहिवडी गाडी माझी. ड्रायव्हर बापू लोखंडे. त्या वर्षी आमच्या आगारानं साताऱ्याच्या कामगार नाट्यस्पर्धेत संगीत नाटक उतरवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे आमचे वाहतूक नियंत्रक गुंजवटे साहेब, त्यांनी ठरवलं. नाटक त्यांनीच लिहिलेलं, पदं त्यांचीच, चाली त्यांच्याच, दिग्दर्शनही त्यांचंच. नाव ‘संगीत चंद्रवदन’. राज्य गेलेला राजा चंद्रवदन रानात झोपडी बांधून राहतोय. दारावरून एक दमलेला वाटसरू चाललाय. राजा त्याला आग्रहानं थांबवून घेतो आणि तो निघतो राजाचा हरवलेला भाऊ. एवढीच गोष्ट, पण साहेबांनी तिचे तीन अंक केले होते. राजा वाटसरूला थांबवतो ते पद असं:

थांब जरा रे वाटसरू, सांज उतरली दारी,
चार घास घे, पाठ टेक, मग वाट धरावी सारी.

राजा मी होतो. उंची आणि नाक बघून साहेबांनी मला निवडलं होतं. गाण्याचं त्यांनी विचारलं तेव्हा मी “येतं” म्हणालो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. आमच्या कँटीनमध्ये एक जुना ग्रामोफोन होता आणि त्याच्यासाठी कुठल्याशा बुवांची एकच तबकडी होती. मी गाणं शिकलो ते तिच्यावर. बुवा बहुतेक म्हातारपणी गायले असावेत, कारण त्यांचा आवाज थरथरायचा. मीही थरथरवायचो. तबकडीवर एका जागी चरा पडला होता, तिथं तान अडकून तीनदा वाजायची. ती तशीच असते असं समजून मीही ती तीनदा घ्यायचो आणि कँटीनमधले लोक माना डोलवायचे, कारण त्यांनीही ती तशीच ऐकली होती.

अडचण एकच होती. दम पुरायचा नाही. गायच्या आधी मी छाती भरून घ्यायचो, खांदे कानाला टेकायचे, गालसुद्धा फुगायचे. मग ‘थांब’ म्हणेपर्यंत निम्मी हवा संपायची आणि ‘सांज’पाशी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. एका तालमीत तर मी झोपडीचा खांब धरला आणि झोपडीसकट खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. तिथं आमचे हेडमेकॅनिक बर्गे मिस्त्री आधीच उभे होते. बर्गे मिस्त्री भजनात गायचे. त्यांचा आवाज एवढा होता की ते मंदिरात उभे राहिले की मंडळ टाळांशिवाय चालवायचं.

“हणमंत,” साहेब म्हणाले, “तीन आठवडे आहेत. जमलं तर ठीक. नाही तर बर्गे झोपडीच्या आत उभे राहून पद म्हणतील आणि तू बाहेर ओठ हलवायचे.”

“साहेब, असं कुठं असतं का?”

“सिनेमात सगळं असंच असतं,” बर्गे मिस्त्री म्हणाले.

माझं नुकतंच साताऱ्याच्या एका मुलीशी लग्न ठरलं होतं. प्रयोगाला ती येणार होती, सासरे येणार होते आणि ‘आमचे जावई गातात’ असं सासऱ्यांनी सांगून ठेवलेली त्यांची अख्खी गल्ली येणार होती. त्यांच्यापुढं मी मासळीसारखं तोंड उघडझाप करत उभा राहिलेला, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून पेटीवाल्या निकम मास्तरांनी पत्ता दिला तसा मी गावातच मलठणात वत्सलाबाईंकडं गेलो.

वत्सलाबाई कुडाळकर एके काळच्या नाटक कंपनीतल्या नायिका. वय सदुसष्ट, अंगकाठी बारीक, नजर धारदार. गावातल्या पाचसहा मुलींना त्या गाणं शिकवायच्या, पण शिकवताना स्वतः कधी गायच्या नाहीत. पेटीवर सूर दाखवायच्या आणि बाकीचं बोलून. वयामुळं आवाज गेला असेल, असं सगळे समजून चालायचे.

“परत म्हण,” बाई म्हणाल्या.

मी छाती भरली.

“थांब. ही कसली बेगमी चाललीय? चार शब्दांची ओळ आहे. लांबच्या प्रवासाला निघालायस का?”

“दम पुरत नाही, बाई.”

“एवढा कोंबल्यावर कसा पुरेल? आत कोंबलेला दम धरून ठेवण्यातच तुझा जीव चाललाय. गायला उरतो कोण?” त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “आणि हा आवाज कुणाचा?”

“माझाच.”

“तुझा? तू आत आलास, ‘नमस्कार बाई, निकम मास्तरांनी पाठवलंय’ म्हणालास, तो चोवीस वर्षांचा होता. आता हा गाणारा कोण सत्तर वर्षांचा आलाय? बरं, दिवसभर काय करतोस?”

मी सांगितलं.

“उद्या कितीची गाडी?”

“साडेआठची. का?”

“मला दहिवडीला जायचंय,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला बाई स्टँडवर हजर. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत पाण्याचा तांब्या. दारामागच्या पहिल्याच बाकावर त्या बसल्या. मी दारात उभा राहून रोजच्यासारखा ओरडलो, “चला कोळकी, झिरपवाडी, दुधेबावी, मोगराळे, बिजवडी, दहिवडीऽऽ!”

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातला तिकिटांचा ट्रे सावरला.

“परत म्हण.”

“काय?”

“हेच. गावांची नावं.”

मी म्हणालो. पण या खेपेला बाई ऐकतायत हे डोक्यात होतं, म्हणून छाती भरून घेतली, आणि मोगराळ्यापाशी दम संपला.

“बघ,” बाई म्हणाल्या. “आधी सहाची सहा गावं एका दमात घेतलीस. वर दहिवडी लांबवलीस. आता चार गावांत गाडी बंद. मधे काय झालं?”

“तुम्ही बघत होता.”

“मी नाही रे. तू बघत होतास.”

दहिवडीला जाऊन बाई उतरल्या, स्टँडवर पाणी प्यायल्या आणि त्याच गाडीनं परत आल्या. असं त्यांनी तीन दिवस केलं. त्या बोलायच्या नाहीत, नुसत्या ऐकायच्या. माझी चांगलीच पंचाईत झाली. दहिवडीच्या बाजारादिवशी एक जण बोकड घेऊन चढला आणि तो बोकड माझ्या तिकिटांचा गठ्ठा खाऊ लागला, तेव्हा मी त्याच्या मालकाला जे काही बोललो ते एका बाईमाणसानं ऐकण्यासारखं नव्हतं. मागं वळून बघतो तर बाई डोळे मिटून, मान डोलवत बसलेल्या.

“काय सुंदर पल्ला आहे,” त्या म्हणाल्या. “एवढं लांब वाक्य, आणि कुठं तुटलं नाही.”

शेजारच्या बाकावरच्या बाईनं घाईनं पदर तोंडावर घेतला.

तिसऱ्या दिवशी दुधेबावीतून गाडी सुटली आणि मागनं एक म्हातारबा धोतर सावरत पळत येताना दिसले. हात हलवत होते. घंटीची दोरी माझ्या हाताशी होती, पण बापू लोखंडेंना घंटीपेक्षा माझ्या हाकेचीच सवय.

“थांबा जरा, बापूऽ! म्हातारबा येतायत!”

गाडी थांबली. म्हातारबा चढले, टेकले. मी घंटी मारणार तेवढ्यात बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

“आता तुझ्या नाटकातलं म्हण. ‘थांब जरा रे’.”

“इथं? गाडीत?”

“अरे, राजा तरी कुठं बैठकीत म्हणतोय? रस्त्यावरच्या माणसाला म्हणतोय.”

मी घंटी मारली, गाडी सुरू झाली. सगळे उतारू माझ्याकडं बघत होते. मी खांदे वर घेतले, डोळे मिटले आणि बुवांच्या आवाजात ‘थांऽऽब जराऽ रेऽऽ’ असं काढलं. गाडी तशीच पुढं चालली. बापूंनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

“गाडी थांबली का?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग वाटसरू कशाला थांबेल?”

“बाई, बापूंना कुठं माहितीय मी त्यांना म्हणतोय ते?”

“तेच तर म्हणतेय. कुणालाच कळत नाही तू कुणाला म्हणतोयस ते.”

धोतरवाले म्हातारबा एवढा वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “कंडक्टर, तुमाला फिट येती का हो?”

मोगराळ्याचा घाट चढून गाडी वर सपाटीला लागेपर्यंत माझी पाच वेळा परीक्षा झाली. पाचही वेळा नापास. उतारूंना आता चेव आला होता. एक जण म्हणाला, जरा प्रेमानं म्हणा. कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली, हे म्हणतायत ते ऐकून मी असते तर पळालेच असते. मी वैतागलो. सहाव्यांदा कुणी काही बोलायच्या आत मी दाराच्या दांडीला टेकलो आणि कसलीही तयारी न करता, अगदी रोज जसं म्हणतो तसं म्हणालो, “थांब जरा रे...”

करकचून ब्रेक लागला. धोतरवाले म्हातारबा पुढच्या बाकावर जाऊन आदळले.

“कोण उतरतंय रं?” बापूंनी वळून विचारलं. “आन् मला ‘रे’ काय म्हनतोयस? मी तुझ्या बापाच्या वयाचा हाय.”

सगळी गाडी हसायला लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या, एका हातानं दांडी धरली आणि दुसरा हात माझ्या पोटावर ठेवला. चारचौघांत कुणी परक्या बाईनं माझ्या पोटावर हात ठेवायची ती पहिलीच वेळ. मी शहारलो.

“इथनं आलं ते,” त्या म्हणाल्या. “तू श्वास घेतलास का आत्ता?”

“आठवत नाही.”

“घेतलास. जेवढा लागतो तेवढाच, आपोआप. वाक्य किती लांब आहे ते पोटाला आधीच कळतं. बाजारात भाजी घेताना कुणी छाती भरून ‘मेथी कशी दिली’ म्हणतं का? पण गाणं म्हटलं की तुम्ही लोक पोटावर विश्वासच ठेवत नाही.” मग त्या बापूंना म्हणाल्या, “तुम्ही फार चांगले परीक्षक आहात. चला आता.”

बापू खूश झाले. नंतर ते सगळ्या आगारात सांगत फिरले की हणमंताचं गाणं मी पास केलं.

पण गाडीत बोलणं वेगळं आणि बाईंच्या खोलीत पेटीबरोबर गाणं वेगळं. पुढचे पंधरा दिवस मी ड्यूटी संपली की मलठणात जायचो. बाई आधी ओळ बोलायला लावायच्या. दहादा, वीसदा. मग म्हणायच्या, “आता ‘थांब’मधला ‘आ’ जरा लांबव. बोलणं सोडू नकोस हां. बोलता बोलता लांबव.” तेवढं जमायचं. मग पेटीचा सूर यायचा आणि माझे खांदे आपोआप कानाकडं निघायचे. यावर बाईंनी उपाय काढला. माझ्या पुढ्यात भाजी टाकायची. मी मेथी निवडत गायचो. हात कामात असले की खांदे वर जात नाहीत. त्या पंधरा दिवसांत बाईंच्या घरी रोज निवडलेली भाजी तयार असायची. शेवटच्या चार दिवसांत त्यांनी लसूणही सोलून घेतला.

पट्टी मात्र खाली आणायला हवी होती. गुंजवटे साहेबांनी पद पांढरी चारमध्ये बसवलं होतं, माझं बोलणं होतं त्याच्या बरंच खाली, काळी एकमध्ये. मी साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “राजा आहे तो. खालच्या पट्टीत गाईल का?” शेवटच्या तालमीला मी त्यांच्या पट्टीत गायलो आणि ‘सांज’पाशी पुन्हा काजवे दिसले.

प्रयोग दुपारी तीनला होता. साताऱ्याच्या थिएटरात सासऱ्यांची गल्ली दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत बसली होती. मधोमध माझी होणारी बायको, निळ्या साडीत. बापू लोखंडे पुढच्या रांगेत, परीक्षकांच्या शेजारी, जणू तेही चौथे परीक्षक. बाई आल्या नव्हत्या. “मी समोर असले की तू मला गाऊन दाखवशील,” म्हणाल्या होत्या. “वाटसरूला म्हण.”

रंगपटात गुंजवटे साहेबांनी माझ्या डोक्यावर मुंडासं ठेवलं आणि कानाशी येऊन म्हणाले, “मी धोका पत्करणार नाही. बर्गे झोपडीत आहेत. दम संपतोय वाटलं की मुंडाशाला हात लाव. ते आतून उचलतील. तू नुसते ओठ हलव.”

मला राग आला, पण सुटल्यासारखंही वाटलं. राग जास्त की सुटका जास्त, हे ठरवायच्या आत पडदा वर गेला.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात झोपडीबाहेर मी उभा. समोरून वाटसरू आला. तो आमच्या स्टोअरमधला सुतार, भित्रा माणूस, पहिल्यांदाच स्टेजवर. मी म्हणायचं होतं, “कोण तू पथिका? मुखावर तुझ्या ही कसली छाया?” मी तेवढं म्हणालो. मुंडासं एखाद्या मोठ्या डोक्यासाठी बांधलेलं होतं. ‘छाया’ म्हणताना मी मान हलवली आणि ते घसरून सरळ माझ्या डाव्या डोळ्यावर आलं. मी ते सावरायला हात वर केला.

बर्गे मिस्त्री तीन आठवडे याच क्षणाची वाट बघत होते.

“थांऽऽऽब जराऽऽ रेऽऽऽ!”

झोपडी हलली. खरोखर हलली, कारण ती बांबूची होती. प्रेक्षकांना दिसत होतं की राजाचं तोंड बंद आहे आणि आवाज झोपडीतून येतोय. सुतारानं झोपडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काहीतरी चुकलंय एवढं त्याला कळलं. चुकलं की आत जायचं, एवढंच त्या गरिबाला सुचलं. तो वळला आणि विंगेकडं चालायला लागला. तो गेला असता तर भाऊ गेला असता, आणि भाऊ गेला असता तर तिसरा अंक गेला असता.

मी झोपडीकडं बघितलं आणि सुताराकडं बघितलं. छाती भरायला वेळच नव्हता.

“थांब जरा रे!” मी म्हणालो.

बर्गे मिस्त्री गप्प झाले. सुतार जागच्या जागी थांबला, एक पाय उचललेला तसाच ठेवून. पुढच्या रांगेतल्या बापूंचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, हे त्यांनी नंतर आईशपथ घेऊन सांगितलं. आणि पेटीवर निकम मास्तर होते. ते चाळीस वर्षं लोकांच्या मागं पेटी धरत आले होते. मी ज्या सुरात बोललो तोच सूर त्यांनी अलगद धरला. काळी एक.

“वाटसरू,” मी सुताराला म्हणालो. तो अजून बिचकलेलाच होता, त्याला चुचकारायला हवं होतं. “सांज उतरली दारी.” तो जरा वळला. “चार घास घे.” त्यानं पाय खाली ठेवला. “पाठ टेक...”

मी त्याला समजावत होतो. तो निघून जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. आणि शब्द आपले लांबत गेले, वर गेले, खाली आले, जिथं श्वास लागला तिथं श्वास आला. ‘मग वाट धरावी सारी’ला मी ‘सारी’वर जरा रेंगाळलो, कारण सुतार आता माझ्याकडं चालत येत होता आणि तो पोचेपर्यंत मला ते पुरवायचं होतं. तो येऊन पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते अभिनयाचं नव्हतं, भीतीचं होतं, पण दिसायला फार छान दिसलं.

दुसरं कडवं अर्धं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी गातोय.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. गायनाचं बक्षीस कराडच्या एका फिटरला मिळालं. मी मान खाली घालून बसलो होतो, तेवढ्यात माझं नाव घेतलं गेलं: वाचिक अभिनय, उत्तेजनार्थ. परीक्षकांमधले वयस्कर गृहस्थ माइकवर म्हणाले, “चंद्रवदनाचं काम करणाऱ्या वाहक बंधूंनी पद गायलंच नाही. ते बोलले. पण इतकं गोड बोलले की आमच्यापैकी कुणाला ते थांबवावंसं वाटलं नाही.” लोक हसले. सासऱ्यांची गल्लीही हसली.

मग दिग्दर्शनाचं दुसरं बक्षीस गुंजवटे साहेबांना. कारण काय, तर ‘राजाच्या अंतर्मनाचा आक्रोश आधी झोपडीतून ऐकू येतो आणि मग राजा स्वतः शांतपणे बोलतो, ही कल्पना अतिशय प्रभावी.’ साहेब स्टेजवर गेले, ढाल घेतली आणि कल्पना कशी सुचली यावर सात मिनिटं बोलले. परतीच्या गाडीत बर्गे मिस्त्री प्रत्येकाला सांगत होते, “अंतर्मन म्हणजे मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी प्रमाणपत्र घेऊन बाईंकडं गेलो. सगळं सांगितलं. मुंडासं, सुतार, बर्गे मिस्त्री. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण परीक्षक काय म्हणाले ते सांगताना माझाच आवाज पडला.

“गायलोच नाही म्हणाले, बाई. तीन आठवडे केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, हा गायलाच नाही.”

बाईंनी प्रमाणपत्र हातात घेतलं. लांब धरून वाचलं.

“मला असं कुणी कधी म्हणालं नाही,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“मी कंपनीत आले तेव्हा सव्वीस वर्षांची. आमची नायिका होती मैनाबाई. ती कंपनी सोडून गेली आणि मालकांनी मला उभं केलं. म्हणाले, लोक मैनेचा आवाज ऐकायला येतात, तुझा नको, तिचा काढ. मी विंगेत उभी राहून तिचं सगळं उचललं होतंच. ती ओळीच्या मधेच श्वास घ्यायची, शब्द मोडून. मीही तिथंच घ्यायचे. लोक टाळ्या द्यायचे, हुबेहूब म्हणायचे.” बाईंनी प्रमाणपत्राची घडी केली, परत उलगडलं. “तिला दमा होता रे. मला कुठं दमा होता? नऊ वर्षं मी तिचा दमा गायले. मग एक दिवस गळा बसला तो बसलाच.”

बाहेर कुणीतरी दोरीवर कपडे झटकत होतं.

“मग तुमचा स्वतःचा आवाज?”

“तो कधी लागलाच नाही. कसा आहे ते मला तरी कुठं ठाऊक?”

कंडक्टरची जीभ. मनात आलं ते बोलून गेलो. “मग आता म्हणा की.”

“सदुसष्टाव्या वर्षी?”

“मी काय परीक्षक आहे का?”

बाई पदराशी चाळा करत राहिल्या. मोठमोठ्या थिएटरांत उभी राहिलेली बाई, पण त्या वेळी परकरी पोरीसारखी लाजली.

“तोंड तिकडं कर,” त्या म्हणाल्या.

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागं पाट दोनदा सरकला. मग मागनं आवाज आला. बारीक होता, जरा खरखरीत, कडेला फाटलेला. पेटी नाही, काही नाही. ‘ये गं सये, बैस जरा, बोलू दोन घटका’ असं काहीतरी होतं. कुठलं होतं कोण जाणे, त्यांनी तिथल्या तिथं केलं असेल. ‘घटका’वर त्या किंचित थांबल्या, श्वास घेतला आणि पुन्हा ‘ये गं सये’वर आल्या. वळून बघायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. शेजारच्या हौसाबाई. त्यांची आणि बाईंची मधली भिंत एकच, एकवीस वर्षांपासून. हात पिठानं भरलेले तसेच घेऊन त्या लगबगीनं आल्या होत्या.

“काय हो बाई? हाक मारलीत?”

“नाही गं हौसा,” बाई म्हणाल्या. “मी गात होते.”

हौसाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माझ्याकडं पाहिलं, मग परत त्यांच्याकडं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही गातासुद्धा?”

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या आणि पुसता पुसता परत हसू लागल्या. हौसाबाई पिठाचे हात हवेत धरून तशाच उभ्या.

“फीर आता इकडं,” बाई मला म्हणाल्या. “लाज गेली माझी.”